सकुबाईचा धवला

पाव्हेल नावाचा तो पोलंडचा पोरगा टोकावड्याच्या फाट्यावर एसटीतून उतरून वाडीवर चढला, तेव्हा वाडीत लग्न चाललं होतं. एप्रिल महिना, साल अठ्ठ्याण्णव. वय त्याचं फार तर चोवीस. उन्हानं तोंड लालबुंद झालेलं, हातात कपड्यांची पेटी, आणि हसू मात्र असं की मांडव जणू त्याच्यासाठीच घातलाय. मांडवाबाहेर उभं राहून त्यानं सगळ्यांना हात जोडले. उलट एकानंही जोडले नाहीत.

पोरगा मिशनरी होता, आणि मिशनरी म्हणजे काय, हे वाडीला सांगावं लागत नव्हतं. आधी औषधाच्या गोळ्या, मग गाणी, मग 'तुमचे देव सोडा.' कुठल्याशा पाड्यात या पायी भाऊ भावाच्या मयताला गेला नाही, ही गोष्ट लहान पोरांनाही पाठ होती.

तरी त्याला घर मिळालंच. दिलं कमळूनं. कमळू म्हणजे सकुबाईचा धाकटा दीर. या माणसाला 'नाय' म्हणायला कुणी शिकवलंच नव्हतं. कल्याणहून मिशनचा एक साहेब आला, गोड बोलला, आणि या बहाद्दरानं आपलं रिकामं पडलेलं कुडाचं घर देऊन टाकलं. सकुबाईचं डोकं फिरलं.

"तुज्या घरात साप शिरला तरी तू त्याला चटई टाकशील रे!" ती कमळूवर ओरडली.

सकुबाई वाडीची धवलारीण. इथं लग्नाला भटजी लागत नाही. धवलारीण धवला गाते, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि मगच लग्न लागतं. नेम एकच: धवला मांडवाबाहेर गायचा नाही. नवरा-नवरी नसताना गायला, तर देव येतात, रिकामी जागा बघतात आणि रागानं परत जातात. मग त्या वर्षी त्या गळ्यानं लावलेलं लग्न टिकत नाही. चाळीस वर्षांत सकुबाईनं हा नेम मोडला नव्हता. आणि चार दिवसांवर तिच्या नातीचं, जिवलीचं लग्न होतं. तानसाकडचा मुलगा. एकदा मोडता मोडता कसंबसं जुळलेलं स्थळ.

तर सकुबाईनं वाडीला बजावलं, गोऱ्याशी कोणी बोलायचं नाही. तो विहिरीवर आला की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. त्याची मराठी सगळी पुस्तकातली. "आपण कशा आहात?" त्यानं शेजारच्या पारूला विचारलं. "आमी बऱ्या हाव, तू जा," पारू म्हणाली. त्यावर तो 'धन्यवाद' म्हणाला, येडं कुठलं!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वाडी पेंगत असताना, सकुबाई एकटीच त्याच्या दारात उभी राहिली. "कल्याणची एसटी तीनला हाय. टाइम इचारून आलेय मी. उठ."

तो उठला, पण जायला नव्हे. "आई, बसा," म्हणाला. आई म्हणाला म्हणून ती आणखीच भडकली. चटईवर टेपरेकॉर्डर वाजत होता. त्याची आई म्हणे त्यांच्या देवळात गायची, तिचं गाणं. आवाज बारीक, हळू, एकाच जागी घुटमळणारा.

सकुबाईनं नाक मुरडलं. "ह्ये तुज्या देवाचं गाणं? असल्या मिळमिळीत गाण्यासाठी आमी आमचे देव सोडायचे होय रे?"

"तुमचं कसं असतं?" त्यानं विचारलं.

पोरानं सरळ मनानं विचारलं होतं. पण सकुबाईला ते झोंबलं. झालं, बाई पेटली! खाली मांडी घातली, डोळे मिटले आणि धवला सुरू केला. कणसरीला बोलावलं, हिरव्या देवाला बोलावलं, वाघ्याला बोलावलं. थांबली तेव्हा घामानं निथळत होती, आणि तेव्हा कुठं तिला आठवलं की इथं मांडव नाही.

ती गाताना पोरानं कोऱ्या कॅसेटवर सगळं भरून घेतलं होतं. आता त्यानं बटण दाबलं. तिचाच गळा बाहेर आला. इतकी वर्षं गाऊन तिनं स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. अंगावर सरसरून काटा आला. इतका गोड गळा आहे आपला, आणि एका मेल्यानं कधी तोंडानं सांगितलं नाही! तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. खोटं कशाला बोलू, तीनदा ऐकलं.

मग उठली आणि त्याच्या नाकासमोर बोट नाचवलं. "ह्ये कोणाला ऐकवलंस तर जीभ उपटीन."

"कोणालाही ऐकवणार नाही, आई. मी खोटं बोलत नाही. आमच्यात ते पाप आहे."

आणि त्यानं खरंच कुणाला ऐकवलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दार लावून एकटाच ऐकत बसला, शब्द शिकायला. दगडी भिंतींच्या देशातलं पोर ते! कारवीच्या कुडाला शेण लिंपलं म्हणून काय त्याची भिंत होते? कुडाच्या घरात कोण घोरतंय हे तिसऱ्या घरी कळतं.

विहिरीवर बायका जिवलीच्या लग्नाचं पाणी भरत होत्या. सकुबाई मधोमध उभी, दातांना मिसरी लावत. आणि कमळूच्या घरातून सकुबाईचा धवला ऐकू यायला लागला.

पारूच्या हातून दोर सुटला. "अगो बया! सकू, तू हितं, नि तुजा गळा तिकडं?"

 सकुबाई मांडवाबाहेर गायली हे तानसावाल्यांच्या कानावर गेलं, तर उद्या वऱ्हाड येणार नाही. जिवली घरात बसेल, आणि तिला बसवणारी आजीच. तिनं मिसरी थुंकली आणि सगळ्यांच्या आधी ओरडली, "चोर! चोरला मेल्यानं माजा धवला!"

मग काय विचारता! पोरांनी पाव्हेलला ओढत बाहेर आणलं. कुणी कानाखाली वाजवली, त्याचा ओठ फुटला. पेटी उलटी केली, सदरे मातीत गेले. "आला त्या दिवशी मांडवाबाहेर उभा होता, तवाच चोरलान!" "उद्या पोरीचं लगीन मोडलं म्हंजे रे?" जो तो ओरडत होता.

लखमा हा वाडीचा पंच, म्हातारा पण तिखट कानाचा. त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि कॅसेट पहिल्यापासून ऐकली. मग मान वर केली. "त्या दिशी ढोल होता, सनई होती. यात तर नुसता गळा हाय. सकू, कुठं गायलीस?"

सगळी वाडी तिच्याकडं वळली. जिवली दारात उभी होती, हात हळदीनं पिवळे आणि तोंड पांढरंफटक. सकुबाईला खरं सांगायचं होतं. देवाशपथ, सांगायचंच होतं. पण तोंडातून आलं ते असं: "मला काय इचारतोस? त्याला इचार."

पाव्हेलनं तिच्याकडं बघितलं. मग जिवलीकडं बघितलं.

"मी चोरलं," तो म्हणाला. "त्या लग्नात. या आईंना काहीच माहीत नव्हतं. माझ्या यंत्रातून ढोलाचा आवाज काढून टाकता येतो."

लखमानं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. परदेशी वस्तू, काय सांगता येतंय? आणि उद्याचं लग्न मोडायला त्यालाही नकोच होतं. "असंल," तो म्हणाला.

कॅसेट दगडानं ठेचली. पोराला फाट्यापर्यंत हाकलत नेलं. सकुबाई सगळ्यांच्या पुढं. मागं राहिली असती तर कुणाला संशय आला असता. एसटी आली. पायरीवर चढताना तो तिला म्हणाला, "जिवलीचं लग्न चांगलं होऊ द्या, आई." सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती ओरडली, "परत हितं दिसलास तर तंगडं मोडीन!"

दुसऱ्या दिवशी तानसावाले आले. मांडव भरला. सकुबाई गायला बसली. आता गळा धरेल, आता शब्द विसरेन, आता देव मला सगळ्यांदेखत गप्प करतील, अशी ती वाट बघत राहिली. कसलं काय! धवला एका दमात, एका सुरात शेवटाला गेला. म्हाताऱ्या म्हणाल्या, असा तर सकूनं जन्मात म्हटला नव्हता. त्यांच्या कौतुकानं तिचा जीव नुसता जळत होता.

जिवली सासरी निघाली. वऱ्हाड उतरून गेलं. सकुबाई मांडवाच्या मेढीला टेकून बसली आणि तोंडावर पदर घेऊन हमसून हमसून रडायला लागली.

पारू जवळ आली. "उगी गो सकू. नात गेली म्हणून रडतेस व्हय?"

"व्हय," सकुबाई म्हणाली, आणि तेही पारूला लगेच पटलं.