जिभेखालची गोळी

निंबा नानांना हार्ट अ‍ॅटॅक आला त्याला दोन वर्षं झाली होती, पण गावात तो अजून ताजा होता, कारण नाना त्याला शिळा होऊच देत नव्हते. अमळनेर डेपोत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, आवाज मागच्या सीटपर्यंत पोचवायची सवय. दूध डेअरीच्या ओट्यावर बसले की छातीवर दगड ठेवल्यासारखं कसं झालं, डावा हात कसा बधिर पडला, भाऊबंदांनी दहा मिनिटांत गाडी कशी काढली आणि जळगावच्या डॉक्टरांनी मनगटातून तार घालून स्प्रिंग कशी बसवली, हे सगळं यायचं. ऐकणाऱ्याला घाई असली तरी यायचं.

हळूहळू नाना गावाचे अर्धे डॉक्टर झाले. गावातल्या लोटनच्या छातीत जळजळलं तेव्हा तो आधी नानांकडे आला. नानांनी दोन प्रश्न विचारून गॅस सांगितला आणि गॅसच निघाला. तेव्हापासून नानांना कोण आवरणार! शर्टाच्या खिशात पाकिटातून कापलेला चार गोळ्यांचा तुकडा कायम असायचा. तो काढून ते दाखवायचे. ही जिभेखाली ठेवायची. दोन मिनिटांत दुखणं थांबलं तर हार्ट, नाही थांबलं तर बाकी काही. इतकं सोपं आहे, म्हणायचे.

तो तुकडा रोज सकाळी त्यांच्या खिशात ठेवायचं काम बेबाबाईंचं. बिनतेलाची भाजी, मोजून मीठ, दर महिन्याला साखर तपासायची आठवण, हेही त्यांचंच. नवऱ्याचं हृदय बायकोनं सांभाळलं, असं भाऊबंद कौतुकानं म्हणत. बेबाबाईंना छप्पन्नावं लागलं होतं आणि त्यांची स्वतःची साखर कुणी कधी तपासली नव्हती. त्यांनीही कधी म्हटलं नाही, हा एक दोष त्यांच्याकडे जातो.

आषाढ सरता सरता त्यांचा जबडा दुखायला लागला. लवंग धरून झाली, दातांच्या डॉक्टरांना दाखवून झालं. दात चांगले निघाले. मग पाठ भरून यायला लागली. विहिरीवरून घरापर्यंत येताना त्या दोनदा थांबायच्या. मोनाली, त्यांची सून, जळगावची. ती म्हणाली, "आई, एकदा कार्डिओग्राम काढून घेऊ या."

नानांनी तिथल्या तिथे तपासणी केली. "छातीवर दगड ठेयेल सारखं वाटस का?"

"नही," बेबाबाई म्हणाल्या.

"डावा हात दुखस का?"

"नही. दातखाले दुखस. आन पाठमा."

"मंग हार्ट नही. पित्त शे," नाना म्हणाले. "हार्ट कसं दुखस ते माले इचारा."

विषय मिटला. ज्याच्या घरात हार्टचा एवढा जाणकार आहे, त्या घरातल्या बाईला दवाखान्याची गरज काय? हे आज लिहिताना संताप येतो, पण त्या दिवशी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, हितेंद्रला, म्हणजे त्यांच्या मुलालाही नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी नानांनी खिशातला तुकडा काढला तर त्यात तीनच गोळ्या. चौथीचं घर रिकामं, वरचा कागद फाटलेला. नाना खवळले. "मनी एक गोयी कोठे गयी? टाइमवर सापडनी नही तर? जीवना खेय शे हाऊ!" बेबाबाई भाकरी थापत होत्या. धुताना पडली असेल, असं काहीतरी त्या म्हणाल्या. नाना दोन दिवस घुश्श्यात होते.

मग श्रावणातला कानबाईचा रविवार आला. कानबाई म्हणजे खानदेशातलं घरोघरचं दैवत, आणि तिचे रोट हा भाऊबंदकीचा सण. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे आणि त्याच पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करायचे. बायांच्या नावानं मूठ काढायची रीत नाही. बेबाबाईंनी नानांच्या नावाची मूठ नेहमीसारखी शिगोशीग भरली होती.

पहाटेपासून उपाशीपोटी त्या चुलीपाशी होत्या. अंगणात धुळ्याहून आलेले भाऊबंद, पाटांची आवराआवर, पोरांचा गलका. दहाच्या सुमाराला त्या पुरणाचा गोळा हातात घेऊन नुसत्याच बसल्या. मोनालीनं पाहिलं तर चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, आणि तो चुलीचा घाम नव्हता. मग त्यांना उलटी झाली.

नाना आत आले. तेच दोन प्रश्न झाले, तीच उत्तरं आली.

"उपास शे, चुल्हापान बशेल शे. पित्त व्हईनच," नाना म्हणाले आणि लिंबू-सोडा करून द्यायला लावला.

"नाना, आत्ता अमळनेरला नेऊ या," मोनाली म्हणाली. "त्यांचे हात गार पडलेत."

"निवद दखाडी दिऊत, मंग जाऊत. कानबाई बसेल शे घरमा."

अंगणातल्या पाहुण्यांकडे पाहत बेबाबाईंनीच सुनेचा हात दाबला. "ऱ्हाऊ दे वं माय. बठ्ठा पाहुणा येल शेतस."

मोनाली गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस ती त्या गप्प बसण्यावर रडली.

आरती झाली, नैवेद्य झाला, पहिली पंगत बसली. दोन वाजता बेबाबाई देवघराचा उंबरा चढायला गेल्या आणि चढू शकल्या नाहीत. मग मात्र हितेंद्रनं कुणाला विचारलं नाही. अमळनेरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी पाहिली, लगेच रुग्णवाहिका बोलावली, आणि बेबाबाई जळगावला त्याच प्रकारच्या टेबलावर पोचल्या, जिथं दोन वर्षांपूर्वी नाना पोचले होते. फरक एवढाच की नाना तासाभरात पोचले होते.

स्प्रिंग बसली. संध्याकाळी हृदयाच्या डॉक्टर चेलना बाहेर आल्या. वयानं तरुण, बोलणं शांत.

"त्रास कधी सुरू झाला?"

"सकाळी दहाला," मोनाली म्हणाली.

"त्याआधी?"

मोनालीनं नानांकडे पाहिलं. "तीन आठवडे जबडा आणि पाठ दुखत होती."

"शुगर कधी तपासली होती?"

"मनी दर महिनाले तपासतस," नाना म्हणाले, आणि आपण कुणाची सांगितली ते त्यांचं त्यांनाच कळलं.

"त्यांची पावणेतीनशे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बाबा, बायकांना छातीत कळ येतेच असं नाही. जबडा, पाठ, मळमळ, नुसता थकवा, एवढ्यावरच भागतं बऱ्याचदा. शुगर असली की कळ अजूनच लपते. जीव वाचलाय. पण उशिरामुळे हृदयाचा मोठा भाग निकामी झालाय. यापुढे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागेल."

नाना बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटं भेटायला सोडलं. नळ्यांच्या जंजाळात बेबाबाई लहानखुऱ्या दिसत होत्या. त्यांनी डोळे उघडले, नानांच्या खिशाकडे पाहिलं.

"सकायनी गोयी खादी का?"

"खादी," नाना म्हणाले. खरं तर विसरले होते. गोळ्यांची आठवण करून देणारं माणूस इथं पडलेलं होतं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ती गोयी मीच लिधी व्हती."

नानांना आधी समजलंच नाही.

"तुमना खिसामातली. जबडा लई दुखे. जीभखाले ठेवी." त्यांना दम लागला. जरा थांबून त्या म्हणाल्या, "दोन मिनिटमा ऱ्हाई गयं."

दोन मिनिटांत थांबलं तर हार्ट. डेअरीच्या ओट्यावर नानांनी हे किती जणांना शिकवलं होतं, त्याची गणती नव्हती. घरी येणाऱ्यांनाही ते हेच सांगत, आणि चूल फुंकता फुंकता बेबाबाईही ते ऐकतच होत्या.

"मंग सांगं का नही?" नाना पलंगाकडे वाकले. "माले का नही सांगं तू?"

"तुमी पित्त म्हने व्हतात. चार लोकेस्मा तुमना शब्द खाले पाडू का?" त्यांनी डोळे मिटले. "कालदिन बी मनमा उनं व्हतं. पन तुमी मागला डाव इतला चिडनात ना. म्हनीसन दुसरी लिधी नही."

नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं. नाना उठले नाहीत. त्यांनी खिशातून तो तुकडा काढला, बायकोच्या उघड्या हातावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटली. तिन्ही गोळ्या जशाच्या तशा होत्या.