दोनशे पावलं अलीकडे

मी एक जुनी पाटी आहे. गावाच्या हद्दीवरची. तुरुंगाच्या कारखान्यात एका कैद्याने माझ्यावर अक्षरं उमटवली. तो पुढे कधी अशी हद्द ओलांडू शकला का, मला माहीत नाही.

टॅमरॅक फॉल्स. लोकसंख्या ४,२१८.
(मागची बाजू कोरी.)

मित्रांनो, गाव सोडून जाणाऱ्याला माझी कोरी पाठच दिसते. तेव्हा मी लॉन्ड्रीच्या पुढे उतारावर उभी होते. म्हणजे लॉन्ड्री गावात. तिथे इस्पितळांच्या चादरी धुतल्या जात. एका वर्षी गावाच्या सभागृहाने कायदा केला: कोण कुणावर प्रेम करतं यावरून कुणाला कामावरून काढायचं नाही. राज्याचा तसा कायदा तेव्हा नव्हता. हा गावापुरता. माझ्यापाशी संपणारा. त्या दिवसापासून माझ्या पायाखाली काहीतरी गुणगुणू लागलं.

मग एका हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या ट्रकने मला उडवलं. खांब बुडाशी मोडला. थंडी सरता सरता रस्तेवाले आले.

"इथली जमीन अजून गोठलेलीच आहे रे. अलीकडे ठोक, कोण मोजायला येतंय!"

त्यांनी मला दोनशे पावलं अलीकडे रोवलं. लॉन्ड्री माझ्या पलीकडे, गावाबाहेर गेली.

महिन्याभरात सगळ्यांना वाटू लागलं, मी पहिल्यापासून इथेच होते. माणसं पाटी वाचतात, तिची जागा वाचत नाहीत. इथे पायाखाली गुणगुण नव्हती. पण धुकं पडलं की जुन्या भोकापाशी एक खांब उभा दिसे. त्यावर पाटी नसे. गाड्या तिथे उगाच सावकाश होत.

टॅमरॅक फॉल्स. लोकसंख्या ४,२१८.
(खोटं.)

मार्सी हुक्स्त्रा अकरा वर्षं त्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करत होती. एक दिवस मालकाला तिच्या कपाटात एक फोटो दिसला. मार्सी, जोॲन आणि त्यांचा कुत्रा ऑटो.

"ही कोण? बहीण?"

"नाही. माझ्या घरची."

मालकाने तिला बाहेर आणलं आणि माझ्याकडे बोट केलं. "वाचता येतं ना, बाई? गाव तिथे संपलं. तुमचा कायदाही तिथेच संपला. सामान उचल."

मला ओरडायचं होतं. पत्रा नुसता खडखडला.

तक्रारीची मुदत एकशे ऐंशी दिवस.

दिवस चाळीस. दोघी ऑटोला फिरवत माझ्यापर्यंत आल्या. मार्सी पुढे येईना.

"गावाच्या कार्यालयात विचार तरी," जोॲन म्हणाली.

"काय विचारू, जो? पाटी खरी का खोटी? हसतील मला."

"हसू देत. तसंही घरात आता कोणी हसत नाही."

दिवस एकशे दहा. मार्सी एकटी आली. माझ्या कोऱ्या पाठीवर तिने तळहात ठेवला. बराच वेळ. ती गेल्यावरही तो हात तिथेच होता.

दिवस एकशे एकाहत्तर. धुकं. दोघींबरोबर आलेला ऑटो दोरी हिसडून पळाला. मी त्याला हाक मारली नव्हती, मित्रांनो. ते भोक मारत होतं. मार्सी त्याच्यामागे धावली, मला ओलांडून, लॉन्ड्री ओलांडून. मला दिसत नव्हतं, फक्त उकरण्याचा आवाज. मग धातूवर नख.

"जो! अगं, इकडे ये. हा पाटीच्या खांबाचा बुंधा आहे. मोडलेला."

"आणि हे पितळी काय?"

ती जमीन मोजणाऱ्यांनी पुरलेली हद्दीची खूण होती. तिच्यावर गावाचं नाव कोरलेलं.



"म्हणजे मी गावातच काम करत होते," मार्सी म्हणाली. "त्याने बोट दाखवलं, आणि मी मान खाली घालून निघून आले."

"रडायचं ते नंतर रड. कार्यालय पाचला बंद होतं."

नऊ दिवस राखून तक्रार दाखल झाली. नकाशा निघाला, सुनावणी झाली. मालकाने तिला परत कामावर घेतलं, घ्यावंच लागलं. मला उपटून जुन्या भोकात रोवलं. गुणगुण तिथेच होती, माझी वाट बघत. मार्सी रोज सकाळी कामावर शिरण्याआधी येऊन खांबावर दोनदा टकटक करते.

पण अजून धुक्यात दोनशे पावलं अलीकडे एक पाटी उभी दिसते. अक्षरं माझीच. लॉन्ड्रीत नवीन लागलेल्या दोन मुली तिच्यापाशी आल्या की धरलेले हात सोडतात.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. कधीतरी फक्त माझ्या पायाखाली उकरून बघा, मी खऱ्या जागी उभी आहे ना. आणि त्या दुसऱ्या पाटीपाशी कोणी थांबलेलं दिसलं, तर त्यांना सांगा, पुढे या. गाव अजून संपलेलं नाही.