थंड आणि कोरडी जागा

कामिनीनं ते पुठ्ठ्याचं पाकीट पुढे केलं तेव्हा निंबाआबांनी आधी दोन्ही हात पायजम्याला पुसले, मग बंडीला पुसले, आणि तरी समाधान होईना म्हणून मोरीत जाऊन साबणानं धुऊन आले. आत होतं एक चित्र. एका चित्रासाठी एवढा सोहळा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या घरात चित्र या विषयावर दोन वर्षं कुणी तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याला कारण खुद्द आबाच होते.

झालं होतं असं. कामिनी ही आबांची सून, धुळ्याची. शाळेत चित्रकला शिकवते. लाकडाची फळी कोरायची, तिच्यावर शाई फिरवायची आणि वर कागद दाबून चित्र उठवायचं, हा तिचा नाद. लग्नात रुखवतावर बाकीच्यांनी लोकरीची तोरणं मांडली, हिनं स्वतः छापलेलं एक चित्र मांडलं. आबांची छाती फुगली. दुसऱ्याच दिवशी रावेरला जाऊन सोनेरी नक्षीची भारीतली फ्रेम घेऊन आले. फ्रेम निघाली चार बोटं लहान. आता ज्या माणसाची चाळीस वर्षं केळीची वाळकी पानं छाटण्यात गेली, तो अशा वेळी काय करणार? चित्राच्या चारही बाजूंना कोरा पांढरा कागद सुटलेला होता. आबांनी चाकू घेतला, पट्टी लावली आणि तेवढा सफाईनं छाटून टाकला. मग चित्र हलू नये म्हणून मागून भरपूर डिंक थापून ते प्लायवूडला चिकटवलं आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर, दारातून येणाऱ्याला पहिलं दिसेल असं टांगलं.

नव्या नवरीनं ते एकदा बघितलं. "छान आहे," म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात चित्राला पापडासारखे फोड आले आणि कागद चहाच्या रंगाचा झाला, तेव्हा आबांनी ते गुपचूप उतरवून ठेवलं. कामिनी तेव्हाही काही बोलली नाही. फक्त त्यानंतर तिचं एकही चित्र माडीवरून खाली उतरलं नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, "आबा, चहा घ्या" वेळेवर. पण सून आपल्याशी हातचं राखून वागते, एवढं न कळायला आबा काही दुधखुळे नव्हते. विचारायची मात्र छाती होत नव्हती. चारचौघांत व्यापाऱ्याला घाम फोडणारा हा माणूस, सुनेपुढे पेपर तोंडासमोर धरून बसायचा.

आणि आता तीच सून आपणहून पाकीट घेऊन पुढे उभी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आपल्या बाळाला, छोट्या पुनमला घेऊन आठ दिवस माहेरी निघाली होती. तिची खोली वर, स्लॅबच्या खाली. वैशाखात तिथं पापड भाजून निघावेत. तिचा नवरा योगराज केळीच्या गाड्या भरण्यात बुडालेला, आणि तसंही त्याला स्वतःची चप्पल सापडत नाही. राहता राहिले आबा.

"आबा, ही सात प्रतींमधली शेवटची. सहा गेल्या. फळीही आता राहिली नाही, त्यामुळे पुन्हा निघायची नाही," कामिनी म्हणाली. "उन्हात ठेवू नका. पाणी लागू देऊ नका. चित्राला बोट लावू नका, पाकिटाला धरा. थंड आणि कोरड्या जागी असू द्या, बस."

तिनं पाकीट उघडून दाखवलं. वादळ येऊन गेलेली केळीची बाग होती. पानांच्या चिंध्या झालेल्या, खोडं एकमेकांच्या अंगावर कोसळलेली.  अशी बाग आबांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि दोन दिवस जेवले नव्हते. पण तसं सांगतील तर ते आबा कसले!

"लागवड लय दाट झाली तुही," ते म्हणाले. "पाच बाय पाचवर घ्याले पाहिजे होती."

कामिनी हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा अशी मोकळी हसली. आबांनी मनाशी गाठ मारली, जीव गेला तरी चालेल, ह्या कागदाला काही होऊ द्यायचं नाही.

सून बसमध्ये बसली आणि आबांचा शोध सुरू झाला. खताच्या दुकानातून फुकट मिळालेला भिंतीवरचा तापमापक काखोटीला मारून ते घरभर हिंडू लागले. पलंगाखाली अडतीस. गव्हाच्या कोठीमागे सदतीस. देवघरात एकोणचाळीस, तिथं समई. बाहेर सेहेचाळीस.

"कूलरपुढं ठेवा ना," आबांच्या पत्नी लताबाई म्हणाल्या.

"कूलर पाणी फेकते! सुनेनं पाणी नको सांगितलं, ऐकलं नी का तू?"

"मंग माठात ठेवा," असं म्हणून लताबाई आंब्याकडे वळल्या. आखाजी तोंडावर आलेली, रस काढायचा, मांडे करायचे, आणि ह्यांचं हे.

तेवढ्यात आबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अभिमनचं चेंबर! अभिमन हा त्यांचा चुलतभाऊ. गावाबाहेर त्याच्या केळी पिकवायच्या बंद खोल्या आहेत. हिरवी केळी क्रेटमध्ये रचायची, दार लावायचं, गार हवा सोडायची, चार दिवसांत माल पिवळा. आत सतरा डिग्री. खिडकी नाही, उन्हाचा कवडसा नाही, बोट लावायला माणूस नाही. ह्याहून थंड जागा अख्ख्या तालुक्यात कुठून आणायची?

"कोरडी" हा शब्दही कामिनी बोलली होती. आबा तो विसरले नव्हते. पण वैशाखातल्या खानदेशात कोरडी जागा कुणी शोधायला जातं का? इथं ओठ कोरडे, विहिरी कोरड्या, गाईच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा वाळून जातं. ते आपोआप झालंच, असं धरून आबा मोटरसायकलवर बसले. पाकीट पोटाशी धरलेलं, त्यावर ओढणी गुंडाळलेली, आणि चालवायला योगराज.

अभिमननं पाकीट उलटसुलट पाहिलं. "आबा, हे किती दिवसांत पिवळं करून पाहिजे?"

"शहाणपणा करू नको. वरच्या क्रेटवर ठेव, आडवं. कोणी हात लावला तं याद राख."

आखाजी गोड झाली. आबांनी आमरसाच्या तीन वाट्या चढवल्या. धुळ्याहून कामिनीचा फोन आला, मागे झोक्यावरच्या बायकांची गाणी ऐकू येत होती. "आबा, चित्र बरं आहे ना?"

"एकदम झकास! मी अशा जागी ठेवलं, तू आली की पाहशीन."

तिसऱ्या दिवशी आबा ऐटीत चेंबरवर गेले. अभिमननं दार ओढलं. आतून गार वाफ अंगावर आली, आबांच्या चष्म्यावर धुकं बसलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पाहिलं. भिंतींवरून थेंब ओघळत होते. फरशी ओली होती. क्रेट ओले होते.

केळीची साल सुकू नये म्हणून चेंबरमध्ये रोज पाणी मारून दमट हवा राखतात. हे आबांना ठाऊक नव्हतं का? अहो, मागच्याच महिन्यात ह्याच दारात उभं राहून, "फरशी सुकली कशी? माझा माल वाळवता का?" म्हणून ते अभिमनच्या गड्यांवर ओरडले होते! केळीसाठी डोकं बरोबर चाललं. सुनेच्या चित्रासाठी नेमकं तेच डोकं घरी राहिलं.

पाकीट हातात घेतलं तर ते चहात बुडवलेल्या टोस्टासारखं मऊ लागलं. आतला कागद वर-खाली लाटा घेऊन फुगला होता. वादळातली बाग आता पुरातही सापडल्यासारखी दिसत होती. आबा क्रेटवर मटकन बसले.

घरी पंचायत भरली. लताबाई म्हणाल्या, "इस्तरी फिरवा, हलक्या हातानं." योगराज म्हणाला, "पाच मिनिटं गच्चीवर उन्हात टाका, कडक होईल." मागोमाग आलेला अभिमन म्हणाला, "मी म्हनतो, डिंक लावून मस्त फळीवर चिकटवून टाका. सपाट होईन."

"खबरदार!" आबा असे गरजले की अंगणातली शेळी उठून उभी राहिली. "डिंकाचं नाव काढलं तं पाय मोडीन! कोणी काही करू नका. मीबी करत नी. दोनदा मी माझं डोकं चालवलं, दोनदा वाटोळं केलं."

"मंग सुनेले काय सांगाल?" लताबाईंनी विचारलं. "मी म्हणते, आत्ताच बोलू नका. पोर सणाला गेली. आल्यावर पाहू."

आबांना तो सल्ला फार आवडला. पाच मिनिटं ते त्याला धरून बसलेही. मग त्यांना वाटलं, ही पोरगी येईल, हे बघेल, "छान आहे" म्हणेल आणि स्वयंपाकघरात निघून जाईल. मग ती कायमचीच गेली. घरात राहून गेली. हे त्यांना सहन होईना. त्यांनी फोन उचलला, गोठ्यामागे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चेंबर, सतरा डिग्री, ओली फरशी, सगळं.

 

"इस्त्री केली?" कामिनीनं विचारलं.

"नी."

"उन्हात ठेवलं? काही पुसलं? कशाला चिकटवलं?"

"नी बाई. हातच लावला नी कोणी."

"मग काही बिघडलं नाही आबा," ती म्हणाली आणि तिनं मोठा श्वास सोडला. "शाई तेलाची आहे, ती दमटपणानं जात नाही. कागद तर छापताना मी ओलाच करून घेते. आता कोरे ड्रॉइंगचे कागद आणा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरेल. खाली-वर कोरा कागद, त्यावर सपाट फळी, त्यावर वजन. रोज कागद बदला. मी येईपर्यंत सपाट होईल."

आबांचे डोळेच भरून आले. आणि त्या भरात, दोन वर्षं जे घशात अडकलं होतं ते बाहेर पडलं. "कामिनी, ते पहिलं चित्रबी मीच खराब केलं. डिंक लावला, उन्हात टांगलं. मले माफ कर. मले वाटलं, सगळ्या गावानं पाहावं."

 कामिनी अगदी हळू म्हणाली, "डिंकाचं नाही वाटलं एवढं, आबा. खालच्या पांढऱ्या काठावर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलेलं होतं. तुम्ही ते कापलंत. मला वाटलं, माहेरचं आडनाव तुम्हाला घरात नको आहे."

आबा गोठ्याच्या भिंतीला टेकले. नाव? त्यांना नाव दिसलंच नव्हतं! त्यांना दिसला होता कोरा कागद आणि लहान फ्रेम. एवढ्याशा फुटकळ गोष्टीपायी ह्या लेकरानं दोन वर्षं काय काय गिळलं असेल!

"मले दिसलंच नी गं," ते म्हणाले. "तुह्या नावाची शपथ घेऊन सांगतो. फ्रेम लहान होती. तेवढंच कारण. मी गाढव आहे."

पलीकडे कामिनी हसत होती की रडत होती, ते आबांना नीट कळलं नाही. बहुधा दोन्ही.

पुढचे चार दिवस आबांनी घराला सळो की पळो करून सोडलं. रावेरहून डझनभर कोरे कागद आले. फळी आली. फळीवर गव्हाची दोन पोती आली. एवढ्यानं भागतं की नाही म्हणून आबा स्वतः वर बसायला निघाले होते, लताबाईंनी दंड धरून मागे ओढलं. रोज सकाळी अंघोळ करून, हात कोरडे करून ते कागद बदलायचे, आणि त्या वेळी घरात कुणी शिंकलेलंही त्यांना चालत नव्हतं.

कामिनी आली. पुनमला लताबाईंकडे देऊन तिनं फळी उचलली. चित्र सपाट होतं. एका कोपऱ्याला जराशी लाट राहिली होती, ती आबांनीच बोट न लावता दाखवली. खालच्या काठावर बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं नाव आबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, आडनावासकट. मग तिनं धुळ्याहून आणलेल्या मोठ्या फ्रेममध्ये ते बसवलं. काठ सगळा शाबूत, काचेला चित्र टेकणार नाही असा मध्ये पुठ्ठा.

"आता कुठं लावायचं?" तिनं विचारलं. "ऊन नको, मोरीची ओल नको, चुलीचा धूर नको."

आबांनी चारी भिंती नजरेनं तोलल्या. पश्चिमेच्या खिडकीसमोरची गेली. मोरीकडची गेली. उरली आतली उत्तरेची भिंत, घरातली सगळ्यात गार, सगळ्यात कोरडी. तिच्यावर आबांच्या वडिलांचा फेट्यातला फोटो होता. तिथं दुसरं काही लावायचा विचारही आजवर त्या घरात कुणाच्या मनात आला नव्हता.

आबांनी स्टूल ओढलं, वर चढले, फोटोला हात जोडले आणि तो खाली उतरवला.

"अवो, काय करता!" लताबाई ओरडल्या. "मामंजींना कुठं नेता?"

"खिडकीसमोर."

"आबा, नको," कामिनी गडबडली. "तिथं चार महिने ऊन पडतं. त्यांच्या फोटोला त्रास होईल. लोक काय म्हणतील?"

"माह्या बापानं जन्म उन्हात काढला," आबा म्हणाले. "त्याले काही होत नी. तू तो जाडा खिळा दे अठी."

तिनं खिळा दिला, आणि आबांनी हातोडी उचलली.