माघारीचं बटण

सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे बसून ते कवळ्या घडवत. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, बाजूला गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि सुरी तापवायला छोटा दिवा. मेणात एकेक दात रोवायचा, वरचा-खालचा जबडा बिजागरीच्या साच्यात लावून मिटायचा, उघडायचा, पुन्हा मिटायचा आणि चावा जुळला की नाही ते पाहायचं. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माणसांशी बोलत आणि कवळीवाल्यांच्या वाट्याला माणसांचे नुसते जबडे येत. दिवसभर इतकी तोंडं समोर असायची, पण शब्द म्हणून एकातून फुटायचा नाही.

घरी तरी काय वेगळं होतं? तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली एक वापरात. बायको वेगळी झाली तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. आईबरोबर ती दुसऱ्या शहरात गेली. भांडण नाही, तंटा नाही, शेजाऱ्यांना तर महिनाभर पत्ताच लागला नव्हता. मुलीला ते लाडाने ठमी म्हणत. आता ठमी सतरा वर्षांची झाली होती, आणि दर रविवारी सकाळी बापलेकीचं बोलणं व्हायचं, ते असं.

"जेवलीस?"

"बाबा, सकाळ आहे."

"हो, हो. अभ्यास?"

"चालू आहे."

"आई?"

"बरी आहे."

फोन ठेवला तरी शेगडीवरच्या चहाला अजून उकळी आलेली नसायची.

एका रविवारी तिच्या आवाजामागून रणशिंगं ऐकू आली. माणसं ओरडत होती, लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"अगं, काय चाललंय तिकडे?"

"काही नाही. गेम आहे."

"कसला?"

त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं होतं. पण ठमी बोलायला लागली आणि थांबेचना. जुन्या काळातल्या लढाया असतात, आपण सेनापती असतो, भालाईत, गोफणदार, घोडदळ, हत्ती, सगळं आपणच निवडायचं, आपणच मांडायचं. कवळीवाल्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण तो आवाज! इतक्या वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता. त्याच संध्याकाळी त्यांनी तो गेम विकत घेऊन घरातल्या जुन्या संगणकावर चढवला. खेळाडूचं नाव विचारलं, तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून 'कवळीवाले' असंच लिहिलं.

प्रत्येक तुकडीवर माउस नेला की तिची पाटी उघडायची. हल्ला किती, बचाव किती, चिलखत किती, धडक, दम, मनोबल. आकडे पाहून त्यांना बरं वाटलं. मोजमापावर ज्याचं पोट चालतं, त्याला आकडा म्हणजे घरचा माणूस. ज्यांचा हल्ला सर्वांत मोठा ते कुऱ्हाडवाले त्यांनी घेतले, सगळेच्या सगळे तेच. अंगात चिलखत नसलेले ते गडी शत्रूपर्यंत पोचायच्या आत बाणांनी आडवे झाले. मग त्यांनी चिलखतवाले घेतले. ते बिचारे टेकडी चढता चढताच धापा टाकायला लागले आणि वर पोचले तेव्हा हात उचलायचंही त्राण उरलं नव्हतं. मग हत्ती. शत्रूने पेटते बाण सोडले, हत्ती बिथरले आणि मागे वळून आपल्याच माणसांवरून चालत गेले. आकडे तर सगळे चांगले होते. कवळीवाले डोकं खाजवत बसले.

पुढच्या रविवारी त्यांनी 'जेवलीस' विचारलंच नाही.

"अगं, मी घोडेस्वार भालाइतांवर सोडले, तर सगळे गारद झाले."



"बाबा, तू खेळतोस?"

"थोडंसं."

"समोरून घातलेस घोडे?"

"मग कुठून घालायचे?"

ठमी हसली. खळखळून, पार दम लागेपर्यंत हसली. आणि त्यांचं खेळाडूचं नाव कळल्यावर तर पुन्हा पहिल्यापासून हसली. "शत्रूचे दात घशात घालणार म्हणजे तू!"

तेव्हापासून रविवारची सकाळ लढाईची झाली. कानाला हेडफोन लावून ती तिकडे, हे इकडे. ती शिकवायची आणि शिकवता शिकवता हरवायची.

"पाटीवरचा आकडा खरा असतो बाबा, पण तो मोकळ्या मैदानावरचा, ताज्या दमाच्या माणसाचा. चढावर, चिखलात, पाठीवर मार बसल्यावर तो तोच राहत नाही. तुझे भालाईत समोर उभे कर. त्यांनी मारायचं नाही, नुसतं अडवायचं. ते ऐरण. आणि घोडे लांबून वळसा घालून पाठीवर आण, तो हातोडा."

"आणि हत्ती?"

"हत्ती विसर. आणि मनोबल बघत जा. माणसं मेली म्हणून कोणी हरत नाही, माणसं पळाली की हरतात. शेजारी आपली तुकडी नसली ना, की ते भराभर उतरतं."

"असं होय," कवळीवाले म्हणाले आणि एकटी पडलेली एक तुकडी ओढून दुसरीच्या शेजारी आणली.

हळूहळू त्यांना खेळ कळू लागला. दवाखान्यात मेण कापताना टेकड्या दिसायच्या. ठमीला झुंजावं लागू लागलं. पण त्यांची एक खोड जाईना. रांग थोडी डळमळली की पडद्याच्या कोपऱ्यातलं माघारीचं बटण ते दाबून मोकळे व्हायचे. ठमी चिडायची. "अर्धे लोक उभे होते तुझे!"

"वाचले ना पण," ते म्हणायचे.

मग तो रविवार आला. ठमीचं त्या आठवड्यात काही ठीक नव्हतं. कसल्याशा परीक्षेचा पेपर पार बिघडला होता. त्या नादात तिने घोडदळ दलदलीत घातलं आणि ते तिथेच रुतलं. कवळीवाल्यांचे भालाईत समोर पाय रोवून उभे होते, आणि त्यांचे घोडे झाडीतून वळसा घालून नेमके तिच्या सैन्याच्या पाठीमागे निघाले. मध्ये कोणी नाही. एक बोट दाबायचा अवकाश होता. हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू आला. "गेले मी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला.

कवळीवाल्यांनी घोडे फिरवले आणि माघारीचं बटण दाबलं.

तिच्या पडद्यावर विजयाच्या तुताऱ्या वाजल्या असणार.

"मुद्दाम केलंस तू."

"नाही गं, हात चुकला."

"खोटं बोलू नकोस." आवाज आता कापत नव्हता. "तू असाच आहेस. आई मला घेऊन निघाली तेव्हाही दारात नुसता उभा होतास. माझी बॅग तूच उचलून खाली नेलीस, गाडीत ठेवलीस. हिला नेऊ नकोस असं एकदाही म्हणाला नाहीस."

"तुला त्रास नको म्हणून मी..."

"मला वाटलं, तुला मी नकोच होते."

पलीकडून आवाज बंद झाला.

कवळीवाले हेडफोन तसाच कानाला लावून बसून राहिले. लेकराची ओढाताण नको, म्हणून त्या दिवशी त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. बॅग जड होती, म्हणून उचलली होती. इतकी वर्षं ते स्वतःला समजूतदार समजत आले होते, आणि मुलगी मात्र इतकी वर्षं भलतंच समजत आली होती.

त्यानंतर ती खेळायला आलीच नाही. फोनही उचलेना. एका म्हाताऱ्या बाईंची कवळी परत आली. डॉक्टरीणबाई स्वतः मागच्या खोलीत ती घेऊन आल्या.

"चावा उघडा राहतोय हो. तुमच्या हातून असं कधी होत नाही. बरं नाही का?"

"बरा आहे," ते म्हणाले आणि दात पुन्हा मेणात बसवायला घेतले.

ठमीला काहीतरी लिहावं म्हणून ते रोज मोबाइल हातात घेत, चार ओळी लिहीत, पुसून टाकत. शेवटी एकदा न पुसता पाठवलं: 'रविवारी ये. मी माघार घेणार नाही.'

ती आली. 'हं' नाही, 'हूं' नाही, सरळ सैन्य मांडायला लागली. तिने पुढे तिरंदाज घोडेस्वार आणले होते, मागे पायदळ. जवळ यायचं नाही, लांबून बाण मारायचे आणि पळायचं. कवळीवाल्यांनी टेकडीच्या खांद्यावर भालाईत उभे केले आणि ढाली उचलून मार खात राहिले. गोफणदार आधी पळाले, मग डाव्या बाजूची रांग फुटली. कोपऱ्यातलं बटण लुकलुकत होतं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. उरलेसुरले भालाईत तिच्या पायदळाने वेढले, तेव्हा त्यांनी सेनापतीची स्वतःची तुकडी झाडीतून काढून तिच्या बगलेत घुसवली.

"अरे!" ठमी ओरडली. तिच्या दोन तुकड्या पळत सुटल्या. थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, काहीही होईल असं वाटलं. मग तिने मागे राखून ठेवलेली ताजी माणसं पुढे आली आणि कवळीवाल्यांचं सैन्य शेवटच्या माणसापर्यंत कापलं गेलं.

"हरलास," ती म्हणाली.

"हो."

"पण घाम काढलास."

त्यांनी हेडफोनचा माइक तोंडाजवळ ओढला. "ठमे, नेऊ नकोस असं म्हणायला हवं होतं मी."

"हो. म्हणायला हवं होतंस." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "आता त्याचं काय करणार?"



पुढे तिला तिसऱ्याच शहरात कॉलेज मिळालं. ती वसतिगृहात राहायला गेली आणि संगणक आईच्या घरी राहिला. खेळ सुटला. बोलणं पुन्हा जेवलीस आणि बरी आहे यावर आलं. सुट्टीत इकडे ये म्हणाले, तर मैत्रिणींबरोबर जायचं होतं. पुढच्या सुट्टीचं विचारलं, तर "बघू." कवळीवाले एकटेच यंत्राशी लढून पाहत. जिंकतही. पण जिंकलं तर सांगायचं कोणाला?

एके दिवशी त्यांनी रजा मागितली. "तुम्ही आणि रजा?" डॉक्टरीणबाईंच्या हातातला आरसा तसाच राहिला.

ते पहाटेच्या बसने निघाले आणि दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. पहारेकरी बाईंनी वर निरोप धाडला. ठमी ओल्या केसांनी, पायांत घरातल्या सपाता, धावतच खाली आली.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळं ठीक आहे. तुला भेटायला आलो."

"सांगून यायचंस."

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"हो, म्हणालेच असते."

समोरच्या छोट्या खानावळीत दोघं बसली. पंखा कर्रकर्र वाजत होता. त्यांनी विचारलं, खोली कशी आहे. ती म्हणाली, ठीक. तिने विचारलं, दवाखाना कसा आहे. ते म्हणाले, ठीक. मैत्रिणीचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्या वेळी तिने मोबाइल पालथा घातला. एवढ्यानेही कवळीवाल्यांना बरं वाटलं. तिचा तास होता, ती उठली.

फाटकाशी तिने विचारलं, "आता असाच येत राहणार का तू?"

"हो."

"मला नाही आवडलं तरी?"

"नाही आवडलं तर खाली येऊन तोंडावर सांग. मी येईन."

ती हसली नाही. त्यांच्या शर्टाची कॉलर आत दुमडली गेली होती, ती तिने बोटाने बाहेर काढली, आणि मागे न बघता आत गेली.

परतीच्या बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली. घरी पोचले, दिवा लावला, एकट्यापुरता चहा टाकला. दुसऱ्या खोलीचं दार नेहमीसारखं बंद होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा रजा लागेल, हे डॉक्टरीणबाईंना उद्याच सांगून ठेवावं, असं त्यांनी ठरवलं.