कुंपणापलीकडचा देव

मी भिवा, कोलशेतच्या मिठाच्या चौकीवरचा शिपाई. गावचाच. पण सरकारी पट्टा कमरेला बांधून मिठागरातून परतणाऱ्या बायकांच्या टोपल्या तपासायला लागलो, तेव्हापासून गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. बायको होती तोवर निभलं. आवडाबाई निदान भांडायची तरी. ती गेली आणि चौकीत माझ्याशिवाय खोकणारंही कोणी उरलं नाही.

मग मी एक लबाडी केली. चौकी बांधताना उरलेला एक लांबट दगड आवाराच्या खाडीकडच्या कडेला उभा होता. एका पहाटे त्याला तेल-शेंदूर फासला, पुढ्यात दोन जास्वंदी ठेवल्या. शेंदूर कोणी लावला, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. लागला की देव झाला.

चार दिवसांत सखुबाई आली. म्हातारी, गावात तिच्या शब्दाला वजन. तिच्यामागून सगळं मिठागर आलं. हंगामातल्या पहिल्या मिठाची मूठही इथंच वाहू लागले. जाताना सखुबाई खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवायची. "घे," एवढंच म्हणायची. त्या एका शब्दावर माझा दिवस जायचा. आठ वर्षं असं चाललं. खोटं कशाला बोलू, सुखात होतो मी.

मग नवा साहेब आला. सरकारी आवारात देव कसा, म्हणून तापला. कारकुनानं समजावलं, जुना असेल तर हात लावू नये, लोक बिथरतील. नवा असेल तर आजच उपटून टाकू. सखुबाईला बोलावलं.

"माजे आज्याचे येलपासून हाय त्यो," ती म्हणाली. म्हातारी खोटारडी नव्हती. तिला आता खरंच तसं वाटत होतं.

कारकून माझ्याकडे वळला. "सरकारचं मीठ खातोस. खरं सांग, जुना आहे?"

खोटं उघडं पडलं तर नोकरी गेली, हे कळत होतं. पण चौकीत पुन्हा एकट्यानं बसायचं, या विचारानं जास्त घाबरलो. "जुना आहे, साहेब. लहानपणी आईबरोबर यायचो."

साहेब समंजस निघाला. देवाला धक्का लावायचा नाही म्हणाला, फक्त तो सरकारी जागेत नको. चार हात आत काटेरी कुंपण घातलं, देव बाहेर राहिला. गावाला खाडीच्या बांधावरून वेगळी वाट दिली. शिपायानं पूजेत पडायचं नाही, असा हुकूमही मला वाचून दाखवला.

गाव खूश झालं. रोज येतं, पण तिकडून. पहिल्या दिवशी मी सखुबाईला हाक मारली. तिनं वळून पाहिलं, हातातला खोबऱ्याचा तुकडा पदराला बांधला आणि गेली.

आता ते दगडाच्या त्यांच्या अंगालाच शेंदूर लावतात. माझ्याकडची बाजू पावसाळ्यात धुवून निघाली. चौकी बांधताना उरला होता तसाच दगड दिसतो. सकाळी पट्टा बांधला की मी त्याला हात जोडतो.