तिसऱ्या वळणावरचा माणूस

"आधी पडली तिला आधी उचला. कुणाची आहे ते मागून बघा."

घोगरा आवाज, पत्र्याच्या भोंग्यातून आलेला. ऊम नोलनचा, म्हणजे आमच्या नोलनकाकांचा. रॉबर्टसन गावातल्या वाइन कारखान्यामागे आमच्या रिमोटच्या गाड्यांचा मातीचा ट्रॅक त्यांनीच चोपून चोपून बसवला. ते गेले, त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते, फेऱ्यांच्या वेळा बघते, माइकवर नावं पुकारते. पण भोंगा कानातून जात नाही.

आमच्याकडे नेम असा: आपली शर्यत संपली की रिमोट खाली ठेवायचा आणि पुढच्यांच्या शर्यतीत वळणावर जाऊन उभं राहायचं. गाडी उलटली की धावायचं, सरळ करायची, बाजूला व्हायचं. माझे वडील, पा, एवढंच करायचे. डबाबंद फळांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी तिसऱ्या वळणावर, मातीच्या उंचवट्यापाशी. वारा आला, धूळ आली, धुळीत पा आणि त्यांची टोपी. स्वतः त्यांनी कधी गाडी चालवली नाही.

माझा नवरा एलरॉय आमच्यातला सगळ्यात वेगवान. त्याच्या टायरांना वेगळी पेटी, तेलांना वेगळी. आणि दुसऱ्या टोकाला टानी मर्ल, सगळ्यांची मर्लमावशी. पाळणाघर चालवून चालवून थकल्यावर त्यांनी रिमोटचा गुलाबी ट्रक घेतला. वळणावर तो असा वळवायच्या, जणू आत तान्हं बाळ झोपलंय. त्यांच्यासारखे बरेच. दोन्ही तऱ्हेच्या माणसांत शनिवार वाटून देणं, हे माझं काम.

त्या शनिवारी आग्नेयेचा वारा असा सुटला की निम्मी माणसं घरीच राहिली. म्हणून मी अंतिम शर्यत सगळ्यांची एकत्र लावली. ती जिंकली असती तर एलरॉयची प्रांताच्या संघात निवड पक्की होती. तो पुढेच होता. तिसऱ्या वळणावर टानी मर्लचा ट्रक उलटला, मागून एलरॉयची गाडी उंचवट्यावरून उडत आली, त्यावर आपटली आणि तीही उताणी.

"पा, माझी आधी!" चालवणारे उभे राहतात त्या मंचावरून एलरॉय ओरडला.

पा कमरेवर हात ठेवून वाकले. गुलाबी ट्रक सरळ केला. मग एलरॉयची गाडी. तेवढ्यात मागून येणारा क्विंटन पुढे निघून गेला, आणि संघातली जागाही त्याच्याबरोबर गेली.

एलरॉय सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्यांना खेळणी फिरवायची आहेत त्यांनी बागेत जावं. आणि पा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

पांनी टोपी सारखी केली आणि पायी घरी गेले. टानी मर्लनं ट्रक टॉवेलात गुंडाळला.

त्यानंतर टानी मर्ल आणि त्यांच्यासारखे ट्रकवाले आलेच नाहीत. एलरॉयनं समितीला सांगितलं, आता शनिवार फक्त पट्टीच्या लोकांसाठी ठेवून बघू. नाही म्हणायला समोर होतं कोण? पा शनिवारी ओट्यावर बसायचे आणि ट्रॅककडे आमची मोटार जाताना तोंड फिरवायचे. घरात दोघांचे निरोप माझ्यामार्फत. त्याला सांग, गेट कुरकुरतंय. त्यांना सांग, तेल घातलंय. मला वाटायचं, हे असंच मुरलं तर या म्हाताऱ्या माणसाचा शनिवार कायमचा गेला.

पट्टीच्या लोकांचा शनिवार उजाडला. सगळे मंचावर चढले. वळणावर कोणीच नाही. पहिलीच गाडी उलटली तर मालकालाच शिडी उतरून धावावं लागलं. लोक हसले. दुसऱ्या वेळी नाही हसले. मग निम्म्यांनी चालवायचं, निम्म्यांनी उभं राहायचं असं ठरलं, पण उभे होते त्यांचं लक्ष आपल्या चार्जरकडे. निखाऱ्यावर वूर्स, म्हणजे सॉसेज, भाजायलाही कुणी नव्हतं. त्या दिवशी एलरॉयनं आमच्या ट्रॅकवरची आजवरची सगळ्यात वेगवान फेरी मारली. मी माइकवर सांगितलं. माझा आवाज डोंगराला लागून परत आला. कुणी शीळ घातली नाही. "हळू रे, दंड होईल" असं टानी मर्ल नेहमी म्हणायच्या, तेही कुणी म्हणालं नाही.

तो माझ्या टेबलापाशी आला, आकडा बघितला. "एवढंच?" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एलरॉय आणि मी टानी मर्लकडे गेलो, सगळ्यांना परत बोलवायला. त्यांनी चहा केला, आणि एलरॉयला बरंच ताटकळत ठेवलं. मग विचारलं, "बाळा, माझ्या ट्रकला हात लावशील ना? गुलाबी आहे हो. रंग लागेल." त्यांची अट साधी होती: आमच्या शर्यतीला तिसऱ्या वळणावर तू उभा राहा, फोन न बघता. बाकीच्यांना मी आणते. पांचं मात्र तुझं तू बघ.

पांपाशी जाऊन तो चुकलो म्हणाला. पांनी झाडावरचा एक जर्दाळू तोडून त्याच्या हातात दिला.

शनिवारी सगळे ट्रक आले. निळे, पिवळे, एकाचं तर छप्परच चिकटपट्टीनं बांधलेलं. एलरॉय तिसऱ्या वळणावर. ट्रक दर फेरीला कोलांट्या मारत होते, आणि तो वाकून वाकून घामाघूम झाला होता. एकदा तीन ट्रक एकावर एक पडले. त्यानं वरच्याला हात घातला.

"तो नाही," कुंपणाकडून आवाज आला. "अगदी खालचा."

पा होते. कधी आले, मला दिसलं नाही. मग ते कुंपणावर कोपरं टेकून सांगत राहिले आणि एलरॉय धावत राहिला. मंचावरून टानी मर्ल म्हणाल्या, "नवा गडी बरा आहे. पगार वाढवायला हरकत नाही." एलरॉयच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

शर्यत संपली तेव्हा तो कुंपणापाशी आला, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत राहिला. म्हणाला, "पा, पुढच्या शनिवारपासून हे वळण परत तुमचं. मी दुसऱ्या कुणालाही उभं राहू देणार नाही इथं."

पांनी नकारार्थी मान हलवली. मंचाकडे बघितलं, तिथून माणसं एकेक करून उतरत होती. मी माइक बंद केला.

"मला वळण नको रे," पा म्हणाले. "तिथं वर उभं राहायचं होतं, पहिल्यापासून. तुम्हा लोकांच्या शेजारी हसं होईल म्हणून बोललो नाही. मला गाडी चालवायची आहे."