डावी सळई

डॉक्टरांनी पडद्यावरचा एक्स-रे मोठा केला आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. "डाव्या बाजूची सळई तुटलीय," ते म्हणाले.

मिर्योंगने बघितलं. तिच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी दोन पांढऱ्या रेघा खाली उतरल्या होत्या. उजवी सलग होती. डावी कमरेच्या चार बोटं वर तुटली होती, दोन टोकांमध्ये तांदळाचा दाणा बसेल एवढी फट. खरं तर अशा वेळी माणसाने घाबरायला हवं. पण ती पहाटे पाचला उठली होती, अप्पांचा डबा करून, कामावरून दोन तासांची सुट्टी मागून आली होती आणि सकाळपासून तिच्या पोटात एका उकडलेल्या रताळ्याशिवाय काही गेलं नव्हतं. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता हे अप्पांना कसं सांगायचं.

डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगणारे होते. सळई आजकालची तुटलेली नाही, म्हणाले, पाच-सात वर्षं झाली असतील. मणके एकमेकांना जुळेपर्यंत धरून ठेवणं एवढंच तिचं काम होतं. ते जुळून केव्हाच एकसंध हाड झालंय, त्यामुळे आता सळई असली काय आणि नसली काय. काढायचीही गरज नाही. पाठ दुखतेय ती स्नायूंमुळे. दिवसाचे दहा तास बसणं कमी करा, महिनाभर जड उचलू नका, विश्रांती घ्या.

विश्रांती हा शब्द ऐकून मिर्योंग हसली. कोजे बेटावरच्या जांगसुंगपो धक्क्यावर पर्यटकांच्या बोटींची तिकिटं विकायचं तिचं काम. नोव्हेंबर म्हणजे लाल पानं बघायला येणाऱ्यांची झुंबड. त्यात महिनाअखेरीला हिवाळ्याची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायची, म्हणजे कोबीचे गड्डे उचलणं, मिठात मुरवणं, धुणं. आणि रोज संध्याकाळी अप्पांकडे जाणं होतंच.

अप्पा म्हणजे तिचे वडील बान छांग-दो, वय वर्षं ऐंशी. आयुष्यभर जहाजबांधणीच्या कारखान्यात वेल्डर. बायको गेल्यापासून ओक्पोच्या चढावरच्या घरात एकटेच राहायचे. मिर्योंग चौदा वर्षांची असताना शाळेच्या तपासणीत बाईंनी तिला ओणवं व्हायला सांगितलं आणि तिच्या पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली. कणा वाकडा वाढत होता. त्या वर्षीच्या सुट्टीत बुसानला ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठे सर्जन सगळं समजावून थांबले आणि काही विचारायचंय का म्हणाले, तेव्हा अप्पांनी कामाच्या कपड्यांतच उभं राहून विचारलं होतं, "स्टेनलेस कुठलं घालणार? तीनशे चार की तीनशे सोळा?"

सर्जन हसले. अप्पा हसले नाहीत. खाऱ्या हवेत तीनशे चारला गंज चढतो, आणि माणसाच्या अंगात खारं पाणीच असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तीनशे सोळा असं उत्तर मिळाल्यावरच त्यांनी कागदावर सही केली.

तेव्हापासून मिर्योंगच्या पाठीतलं लोखंड घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने जिवाला लावून घेतलं. आईची भीती अशी, की सार्वजनिक स्नानगृहाच्या गरम खोलीत सळ्या तापतील आणि पोर आतून शिजेल. ती दाराशी घड्याळ धरून उभी राहायची आणि तीन मिनिटं झाली की मिर्योंगला बाहेर ओढायची. अप्पांची भीती विजेची. ढग गडगडले की घराबाहेर पडायचं नाही, आणि पडलंच तर छत्री लाकडी दांड्याची. खुद्द मिर्योंगला चुंबकाची धास्ती होती. एकदा तिने शाळेच्या प्रयोगशाळेतला नालेच्या आकाराचा चुंबक गुपचूप संडासात नेऊन पाठीला लावून बघितला. तो चिकटला नाही, खाली पडला. तिला हायसं वाटलं आणि थोडी निराशाही झाली.

पुढे सगळ्यांना सवय झाली. नातेवाईक तिच्या ताठ बसण्याचं कौतुक करत. आईच्या वर्षश्राद्धाला ती नमस्काराला वाकली की मोठी काकू आपल्या सुनांना म्हणायची, बघा, पाठ कशी सरळ राहते. धक्क्यावरचा साहेब तर नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचा, की कामावर कसं बसावं ते हिच्याकडून शिका. तिला दुसऱ्या कुठल्या प्रकारे बसताच येत नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

फक्त अप्पांची काळजी गेली नाही. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप पिऊन झालं की ते विचारायचे, "स्क्रू ढिला झालाय का कुठला?" जहाज पाच वर्षांनी गोदीत चढवून तपासतात, मग माणसाचं का तपासत नाहीत, हे त्यांना कधी पटलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती त्यांना जेजूला घेऊन गेली, तर विमानतळाच्या तपासणीत यंत्र वाजलं ते अप्पांवर. त्यांच्या खिशात मोजपट्टी होती. मिर्योंग गेली तेव्हा यंत्र गप्प. अप्पांनी तिथल्या बाईंना थांबवून सांगितलं, "हिच्या अंगात हातभर लांबीच्या दोन सळ्या आहेत. परत तपासा." ती परत गेली, यंत्र याही वेळी वाजलं नाही. जेजूच्या पूर्ण प्रवासात अप्पा एकच घोकत होते, की बुसानच्या लोकांनी आत घातलं तरी काय होतं.

अशा माणसाला सळई तुटली म्हणून सांगणं म्हणजे पुढची दोन वर्षं त्याच्याबरोबर इस्पितळांचे उंबरठे झिजवणं. मिर्योंगच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. तिने ठरवलं, सांगायचंच नाही.

किमचीचं मात्र काहीतरी सांगावं लागणार होतं. कामाची गर्दी आहे, यंदा दहा-बारा दिवस उशिरा घालू, असं तिने अप्पांना फोनवर सांगितलं. ते "बरं" म्हणाले. कशाला, किती, असं काही विचारलं नाही. हे तिला जरा वेगळं वाटलं, पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता. त्या आठवड्यात तिने कामाचं निमित्त सांगून अप्पांकडे जाणंही टाळलं. घरी आली की कोट न काढताच जमिनीवर आडवी व्हायची आणि उठायचा कंटाळा येऊन तिथेच पडून राहायची. उठणं तिच्यासाठी मोठं काम होतं. आधी कुशीवर व्हायचं, मग गुडघ्यावर, मग कपाटाचा आधार. पाठ मधून वाकत नाही म्हटल्यावर दुसरा इलाज नव्हता.

रविवारी दुपारी ती अप्पांकडे गेली. एका आड एका रविवारी त्यांची नखं कापायची असत. त्यांचा हात थरथरायचा आणि तिला खाली वाकता यायचं नाही, म्हणून दोघांनी एक युक्ती काढली होती. अंगणातल्या लाकडी बाजेवर अप्पा भिंतीला टेकून बसायचे, समोर किमचीचे दोन मोठे टब एकावर एक पालथे घालायचे, त्यावर पाय. मिर्योंग खुर्चीत ताठ बसून नखं कापायची. शेजारची थोंगयंगवाली एकदा कुंपणावरून बघून म्हणाली होती, की राजदरबार भरलेला दिसतोय. तिचं माहेर थोंगयंगचं, म्हणून सगळी आळी तिला थोंगयंगवालीच म्हणायची.

त्या दिवशी अप्पांनी डावा पाय टबावर ठेवायला उचलला आणि अर्ध्यात थांबले. चेहरा पांढरा पडला. पाय परत खाली ठेवला.

"काय झालं?" मिर्योंगने विचारलं.

"काही नाही. पायाला मुंग्या आल्या."

कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत असलेली थोंगयंगवाली म्हणाली, "मुंग्या कसल्या. बुधवारी ट्रकवाल्याकडून बारा कोबी घेतले आणि एकट्याने वर चढवले. मी म्हटलं मिर्योंगचे बाबा, पोराला हाक मारते माझ्या, तर माझ्यावरच डाफरले."

मिर्योंगने स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. बारा गड्डे भिंतीशी रांगेत लावलेले होते. बाहेर आली तेव्हा अप्पा दुसरीकडे बघत होते. बुधवारपासून ते बसूनच झोपत होते, हे त्यांनी हळूहळू कबूल केलं. आडवं झालं की कमरेत कळ मारायची.

"मी सांगितलं होतं ना, उशिरा घालू म्हणून."

"तू आजवर कधी उशीर केलायस का?" अप्पा म्हणाले. "आवाजावरून कळलं. तुझी पाठ दुखतेय. उचलायचं तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून उचलले." मग त्यांनी विचारलं, "स्क्रू ढिला झालाय का?"

एकोणतीस वर्षं ती या प्रश्नाला "नाही" म्हणत आली होती. आताही म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायला जेवढा दम लागतो तेवढाही तिच्यात उरला नव्हता.

"स्क्रू नाही," ती म्हणाली. "सळई तुटलीय. डावी."

तिला वाटलं, आता ते उठतील, टॅक्सी बोलाव म्हणतील. अप्पांनी फक्त चष्मा मागितला. तिने फोनवरचा एक्स-रेचा फोटो दाखवला. तो त्यांनी हातभर लांब धरला, मग जवळ आणला, तुटलेली जागा मोठी करायला लावली आणि बराच वेळ बघत राहिले.

"थकून तुटलीय," शेवटी ते म्हणाले. "वाकून नाही तुटली. एकाच जागी रोज थोडा थोडा ताण. कारखान्यात आम्ही लोखंड थकलंय असंच म्हणायचो." मग विचारलं, "हाड जुळलंय?"

"पूर्ण जुळलंय म्हणाले."

"मग झालं."

मिर्योंगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अप्पांनी फोन परत दिला आणि डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. तसेच बोलत राहिले. जहाजाचे दोन पत्रे जोडायचे तर आधी आडव्या लोखंडी पट्ट्या टाचून ते जागच्या जागी धरून ठेवावे लागतात. मग जोड भरायचा. जोड पक्का झाला की हातोड्याने पट्ट्या पाडून टाकायच्या. पण काही जागा इतक्या अडचणीच्या असतात, की हातोडा पोचत नाही. "तिथल्या तशाच ठेवायचो. माझ्या कितीतरी पट्ट्या राहिल्यात जहाजांच्या पोटात. तुटल्या असतील, गळून पडल्या असतील. जहाजं चालतायत."

थोंगयंगवालीने कपडे वाळत घालायचं थांबवलं होतं. मिर्योंग खुर्चीत बसून होती, हातात नेलकटर. रडू येतंय की झोप येतेय हे तिला नीट कळत नव्हतं. हीच गोष्ट त्या तरुण डॉक्टरांनी सांगितली तेव्हा तिने ऐकून सोडून दिली होती.

सोमवारी तिने पूर्ण दिवसाची सुट्टी टाकली आणि अप्पांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या कमरेचा एक मणका दबून चपटा झाला होता. ऑपरेशनची गरज नव्हती, दोन महिने पट्टा बांधायचा, कोबीला हात लावायचा नाही. पट्टा आणला तेव्हा अप्पांनी त्यातल्या उभ्या पट्ट्या नखाने वाजवून बघितल्या आणि नाक मुरडलं.

"ॲल्युमिनियम," ते म्हणाले.

निघताना त्यांनी डॉक्टरांना विचारलंच, की मिर्योंगच्या सळईचा तुटलेला तुकडा अंगात इकडेतिकडे फिरणार तर नाही. डॉक्टर म्हणाले, नाही, तो हाडातच रुतून बसलाय, आणि टायटेनियमचा असल्यामुळे शरीराला चालतो.

"पंचाण्णव साली कुठलं टायटेनियम," अप्पा म्हणाले. "तीनशे सोळा आहे. मी स्वतः विचारून घेतलंय."

डॉक्टरांनी मिर्योंगकडे बघितलं. तिने मान हलवली. मग त्यांनी खरंच कागदावर लिहून घेतलं, आणि अप्पा दारापर्यंत बऱ्यापैकी खुशीत गेले.

साहेबांना तिने फोन करून आठवडा मागितला. पाठ दुखते असं तिने सांगितलं. तुझी, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग पाच दिवस दिले. मिर्योंग पिशवी भरून ओक्पोच्या घरी राहायला आली. बाराही कोबी थोंगयंगवाली आपल्या अंगणात घेऊन गेली. या घरातलं कोणी तिकडे फिरकलेलं मला दिसता कामा नये, असं बजावून गेली.

पहिले दोन दिवस मिर्योंग नुसती झोपली. जमीन खालून तापवलेली होती, पाठीला ऊब लागत होती. अप्पा पट्टा बांधून पलीकडे पडलेले असायचे, टीव्ही चालू, आवाज बंद. जेवण म्हणजे भात, आदल्या दिवशीचा रस्सा आणि भाजलेला मासा. भांडी कोणी घासायची यावर बोलणं व्हायचं आणि भांडी तशीच पडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली.

मिर्योंगने डोळे उघडले. कुशीवर व्हायचं, गुडघ्यावर यायचं, कपाट धरायचं, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने अप्पांकडे बघितलं. त्यांनाही कुशीवर वळून, हात टेकून, पट्टा सावरत उठावं लागणार होतं. ते छताकडे बघत होते.

"तू लहान आहेस," अप्पा म्हणाले.

"माझी सळई तुटलीय."

"तिला काही काम नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

घंटा पुन्हा वाजली. दोघंही हलले नाहीत. मग दार ढकललं गेलं आणि थोंगयंगवाली आत आली, कोपरापर्यंत तिखटाने लाल, हातात झाकण लावलेला मोठा डबा. जमिनीवर दोन टोकांना आडवे पडलेले बापलेक तिने बघितले, मोरीजवळ साचलेली भांडी बघितली.

"मरा इथे दोघं," ती म्हणाली, आणि डबा ठेवायला फ्रिजमध्ये जागा करू लागली.

अप्पांनी पडल्या पडल्याच विचारलं, मीठ बरोबर झालंय का. थोंगयंगवालीने डब्यातल्या किमचीचं एक पान उभं फाडलं, गुंडाळलं, आणि वाकून आधी त्यांच्या तोंडात घातलं, मग मिर्योंगच्या. ताजं होतं, अजून मुरलेलं नव्हतं, लसणाचा वास नाकात गेला. जरा जास्तच तिखट झालं होतं. मिर्योंग आडवी पडूनच चावत राहिली.